कोलेस्टेरॉल उतरवायला खर्च किती?

गेल्या वर्षी मार्चमध्ये नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्या महिन्याचं खर्चाच्या वहीतलं पान मी मुद्दाम जपून ठेवलं आहे. 'फुल बॉडी' तपासणीचं पॅकेज २,४९९ रुपये. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, पाच लिटर, १,९०० रुपये. ओट्सची दोन मोठी पाकिटं ४१० रुपये. लसणाच्या कॅप्सूल ३८०, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ७५०. ओळखीतल्या एकांनी घरी आणून दिलेला 'नसा मोकळ्या करणारा' काढा, बाटली १,२५० रुपये. आणि सर्वांत खाली, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तीस गोळ्या, ५४० रुपये. एका महिन्यात ७,७२९ रुपये गेले. त्यात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, खऱ्या अर्थानं खाली आणणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गोळी. आणि तीच गोळी आज मी महिन्याला साठ-सत्तर रुपयांत आणते.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत किंमत आणि गुण यांचं नातं उलटं आहे, हे मला वर्षभराच्या हिशेबातून कळलं. जे सर्वांत जास्त काम करतं ते सर्वांत स्वस्त मिळतं. जिथे भीती विकली जाते तिथे पैसे जातात. तुमच्या घरात नुकताच असा रिपोर्ट आला असेल, तर आधी पाकीट बाजूला ठेवा आणि रिपोर्ट नीट वाचा. खाली दिलेल्या किमती मी गेल्या वर्षभरात पुण्यात मोजलेल्या किंवा विचारून घेतलेल्या आहेत. तुमच्या गावात त्या थोड्या पुढेमागे होतील.

तपासणी: काय करायची, काय नाही

लिपिड प्रोफाइल ही साधी तपासणी आहे. खासगी लॅबमध्ये ती तीनशे ते हजार रुपयांत होते. आम्ही मात्र पॅकेज घेतलं. फोनवरच्या मुलीनं ऐंशी तपासण्यांची यादी वाचून दाखवली आणि घाबरलेल्या मनाला ती सगळीच आवश्यक वाटली. डॉक्टरांनी त्यातल्या पाच-सहा आकड्यांकडे पाहिलं आणि बाकीची पानं मिटून ठेवली. तेव्हा लिपिड प्रोफाइल, साखर, क्रिएटिनिन, यकृताची एसजीपीटी आणि थायरॉइडची टीएसएच एवढंच सुटं मागा. सगळं मिळून साधारण हजार-बाराशेच्या आसपास जातं.

टीएसएच मुद्दाम सांगते आहे. थायरॉइड मंदावलेलं असेल तर एलडीएल वाढतं आणि थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर ते बऱ्याचदा आपसूक उतरतं. दोन-तीनशे रुपयांच्या या एका तपासणीमुळे भलत्याच वाटेनं जाणं टळतं. बायकांनी तर ती चुकवूच नये.

बारा तास उपाशी राहण्याचा नियमही आता सैल झाला आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही असं म्हटलं आहे. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं निघालं तरच डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. मधुमेहाच्या माणसाला बारा तास उपाशी ठेवून लॅबच्या रांगेत उभं करण्यात शहाणपण नाही.

पैसे मोजायचेच नसतील तर तसा मार्ग आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत केली आहेत. मुंबईत महापालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये १४७ प्रकारच्या रक्तचाचण्या मोफत आहेत. केसपेपर काढतानाच लिपिडचं विचारा. नमुना कोणत्या दिवशी घेतात, रिपोर्ट कधी मिळतो, हेही तिथेच विचारून घ्या म्हणजे दोन खेपा वाचतात.

आता रिपोर्टमधले आकडे. नवऱ्याचं एकूण कोलेस्टेरॉल २५२ होतं, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड २००. बहुतेक लॅब एलडीएल वेगळं मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकुणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. २५२ वजा ४० वजा ४०, म्हणजे १७२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब चुकतो, तेव्हा थेट मोजलेलं एलडीएल मागावं. दुसरा एक आकडा रिपोर्टवर छापलेला नसला तरी आपला आपण काढता येतो, तो नॉन-एचडीएल. एकुणातून एचडीएल वजा केलं की झालं, इथे २१२. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि डॉक्टर त्याला एलडीएलइतकंच महत्त्व देतात.

रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा मात्र तुमच्यासाठी नसते. धोका कमी असलेल्या माणसानं एलडीएल १०० च्या खाली ठेवावं, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यानं ७० च्या खाली, आणि हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यानं ५५ च्या खाली, असं त्याच भारतीय सूचना सांगतात. नवऱ्याला रक्तदाब आहे. म्हणजे १७२ वरून ७० वर यायचं होतं, जवळजवळ साठ टक्के उतार. हा एक आकडा समोर ठेवला की बाजारातली कोणती वस्तू कामाची आणि कोणती नाही, हे ठरवणं सोपं होतं.

स्वयंपाकघर: इथे पैसे वाचतात

पथ्य म्हणजे जास्तीचा खर्च, ही समजूत ओट्स-ऑलिव्हवाल्यांनी रुजवली आहे. आमच्या घरात पथ्यामुळे महिन्याला हजाराच्या आसपास रुपये वाचले, आणि त्याची सुरुवात दुधापासून झाली.

आम्ही रोज दीड लिटर म्हशीचं दूध घेत होतो. पिशवीवर बारीक अक्षरात 'फॅट ६.०%' छापलेलं असतं, ते मी वीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं. गाईच्या दुधाच्या पिशवीवर ३.५ असतं, टोन्डवर ३, डबल टोन्डवर १.५. सहावरून साडेतीनवर आलं की दीड लिटरमागे रोज सदतीस-अडतीस ग्रॅम आणि महिन्याला किलोभराहून जास्त चरबी घरात येत नाही. दुधाच्या चरबीतला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग संपृक्त असतो आणि एलडीएल वाढवणारी चरबी तीच. शिवाय लिटरमागे बारा-पंधरा रुपये कमी लागतात, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास. सासूबाईंना पहिले आठ दिवस चहा पाणचट लागला. नंतर त्यांनी तक्रार केली नाही.

पण दुधाबरोबर सायीचाही विचार करावा लागतो. आपल्या घरांतली साय वाया जात नाही. ती भांड्यात साठते, आठवड्यानं विरजण लागतं, लोणी निघतं, कढवलं की तूप होतं. दूध बदलून तेच तूप पोळीवर, भातावर आणि लाडवांत गेलं तर हाती काही लागत नाही. साजूक तुपातही साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी आहे. वरणभातावरचा चमचाभर कुणी काढून घेऊ नये, असं मला वाटतं. तो चमचा मोजून घ्यावा आणि पोळीवरचं तूप थांबवावं.

तेलाच्या बाबतीत 'कोणतं' यापेक्षा 'किती' हा प्रश्न मोठा आहे. चार माणसांत आम्हाला महिन्याला चार लिटर लागत होतं. माणशी अर्धा लिटर, म्हणजे दोन लिटर, हे माप डॉक्टरांनी दिलं. मी पहिल्या तारखेला दोन लिटर काढून ठेवते आणि ते महिनाअखेरपर्यंत पुरवते. फोडणीला पळीऐवजी चमचा आला, भजी पंधरवड्यावर गेली. महिन्याला साडेतीनशे रुपये तिथे वाचले.

कोणतं तेल म्हणाल, तर शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, राइस ब्रॅन यांपैकी जे परवडतं ते. करडई आपल्या मराठवाडा-सोलापूरकडची, आणि तिच्यात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्याही आत. लाकडी घाण्याच्या तेलाला लिटरमागे दुप्पट पैसे पडतात. चव आणि वास यांसाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या. कोलेस्टेरॉलसाठी मात्र ते जास्तीचे पैसे मोजू नका, कारण घाणा बदलल्यानं शेंगदाण्यातली संपृक्त चरबी बदलत नाही. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं त्यालाही अर्थ नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, कोणत्याच वनस्पती तेलात ते नसतं.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं, त्यामुळे हे लिहायला जड जातं, पण खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी आहे, तुपाहूनही जास्त. माशाच्या कालवणात ओलं खोबरं वाटून घालणं आणि रोजची फोडणी खोबरेलाची देणं यांत फरक करा. खोबऱ्यात निदान चोथा असतो.

लपलेलं तेल बाहेरच्या डब्यांत असतं. फरसाण, बिस्किटं, टोस्ट, खारी यांच्या पाकिटामागे 'पामोलीन', 'खाद्य वनस्पती तेल (पाम)', 'वनस्पती' हे शब्द शोधा. पाम तेलात निम्मी चरबी संपृक्त असते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही मोठी सुधारणा. पण सुट्या मालाच्या बरणीवर लेबलच नसतं. चहाबरोबर चार खारी खाणाऱ्या माणसाचं अंडं बंद करून उपयोग नाही. बहुतेक निरोगी माणसांना दिवसाला एक अंडं चालतं. अंड्याबरोबर लोणी आणि पाव किती जातो तेवढं बघा.

काय वाढवायचं? रोज एक मोठी वाटी शिजलेली उसळ. मटकी, चवळी, हरभरा, मूग, काहीही. त्यानं एलडीएल पाचेक टक्क्यांनी उतरतं आणि वाटीला दहा-बारा रुपये पडतात. ओट्समधला बीटा-ग्लुकान नावाचा चिकट चोथा दिवसाला तीन ग्रॅम पोटात गेला तर तेवढाच उतार मिळतो. त्यासाठी पाऊण वाटी नव्हे, चांगले पंचाहत्तर ग्रॅम ओट्स रोज लागतात. महिन्याला सव्वादोन किलो, चारशे रुपये. हाच चोथा जवातही आहे आणि जव निम्म्या किमतीत मिळतो. भाकरीच्या पिठात मिसळून दळून आणला की वेगळा नाश्ताही करावा लागत नाही. दुकानात जव म्हणूनच मागा. सातूचं तयार पीठ घेतलं तर त्यात बहुधा गहू आणि डाळंच जास्त असतं. बदाम परवडत नसतील तर मूठभर शेंगदाणे, खारवलेले नव्हे, भाजलेले.

इसबगोल रोज दहा ग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, एलडीएल सहा-सात टक्क्यांनी उतरवतो. महिन्याचा खर्च चारशेच्या आसपास. इतर औषधं घेत असाल तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

चालणं फुकट आहे आणि ते करावंच. पण त्यानं ट्रायग्लिसराइड, साखर आणि रक्तदाब उतरतो, एलडीएल फारसं नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर साखर, मैदा, पांढऱ्या भाताचा ढीग आणि दारू यांना हात घालावा लागतो. तिथे तेलाहून हे मोठे गुन्हेगार आहेत.

हे सगळं इमानानं केलं तर एलडीएल दहा-पंधरा टक्के, फार तर वीस टक्के उतरतं. धोका कमी आणि एलडीएल १२०-१३० असलेल्या माणसाला तेवढंच पुरेसं होऊ शकतं आणि डॉक्टर तीन महिने वाट पाहतात. १७२ वरून ७० वर जायचं असलेल्याला ते पुरत नाही, त्याला दोन्ही लागतं.

गोळी: इथे नीट विचारून घ्या

अटोरव्हास्टॅटिन दहा मिलिग्रॅम एलडीएल पस्तीस टक्क्यांहून थोडं जास्त उतरवते. रोसुव्हास्टॅटिन दहा साधारण पंचेचाळीस टक्के. डोस दुप्पट केला की फक्त आणखी सहा टक्के. म्हणून पुढच्या टप्प्यावर डॉक्टर स्टॅटिन वाढवत नेण्यापेक्षा एझेटिमाइब जोडतात, ती आणखी वीस टक्क्यांच्या आसपास उतार देते. एलडीएल साधारण चाळीसनं कमी झालं की हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका पाचव्या हिश्श्यानं घटतो, हे लाखाहून जास्त रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे.

आमच्या घरात पहिला आक्षेप आला तो 'केमिकल' या शब्दाचा. सासूबाईंना मी गोळीची गोष्ट सांगितली. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या संशोधकांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत कोलेस्टेरॉल बनवणं रोखणारा पदार्थ त्यांना सापडला. सगळ्या स्टॅटिनचं मूळ तिथे आहे. आज ज्या दोन गोळ्या सर्वाधिक लिहिल्या जातात त्यांचे पेटंट केव्हाच संपले आहेत, म्हणून त्या कुणालाही बनवता येतात आणि इतक्या स्वस्त पडतात.

पण स्वस्त गोळी आपोआप हातात येत नाही. औषधाच्या दुकानात रोसुव्हास्टॅटिन दहाची ब्रँडेड गोळी कुठे आठ रुपयांना असते तर कुठे वीस रुपयांच्या वर. आत औषध एकच. नवऱ्याची पहिली पट्टी अठरा रुपये गोळीची होती. अटोरव्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे तिच्या कमाल किमतीवर सरकारचं बंधन असतं आणि दहा मिलिग्रॅमची गोळी पाच-सहा रुपयांच्या आसपास राहते. 'फार्मा सही दाम' या सरकारी अ‍ॅपवर औषधाचं नाव टाकलं की किंमत ताडून पाहता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. छापील किमतीहून जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

जनऔषधी केंद्रात अटोरव्हास्टॅटिन दहाची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आसपास मिळते, रोसुव्हास्टॅटिन दहाची वीस-पंचवीसच्या घरात. देशात अशी दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. अडचण येते ती साठ्याची. कधी दहाची असते, वीसची नसते. म्हणून गोळ्या संपायला पंधरा दिवस असतानाच जा आणि दोन महिन्यांचा साठा एकदम घ्या. केमिस्टला चिठ्ठीवरचा ब्रँड परस्पर बदलता येत नाही. तेव्हा डॉक्टरांना खोलीतच विनंती करा, 'साहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?' मला वाटलं होतं त्यांना राग येईल. त्यांनी लगेच लिहून दिलं.

स्वस्त आहे म्हणजे कमअस्सल असेल, ही शंका माझ्याही मनात होती. जनऔषधीचा प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो, असं वाचलं होतं, तरी मन मानत नव्हतं. स्टॅटिनच्या बाबतीत एक मोठी सोय आहे, गोळी काम करते की नाही हे पाचशे रुपयांत आपल्याला स्वतःला तपासता येतं. ब्रँडेड गोळीवर दोन महिन्यांनी, मेमध्ये, नवऱ्याचं एलडीएल ९४ आलं. मग जनऔषधीची गोळी सुरू केली, तोवर दूध-तेलाचंही बस्तान बसलं होतं. जुलैमध्ये ८८. त्या दिवसापासून मी शंका घेणं सोडलं. पुढे डॉक्टरांनी एझेटिमाइब जोडली आणि ऑक्टोबरमध्ये आकडा ६९ आला. दोन औषधं एकाच गोळीत असलेल्या ब्रँडला बारा-पंधरापासून पंचविशीच्या पुढे दर पडतो. सुट्या दोन गोळ्या स्वस्त पडतात का हे प्रत्येक वेळी विचारा.

जोडगोळ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी जीवाची आहे. नावापुढे 'गोल्ड', 'एएसपी', 'एफ', 'सीव्ही' अशी शेपटं असतात. 'गोल्ड'मध्ये बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं असतात, 'एफ'मध्ये फेनोफायब्रेट. ज्याला ती लागत नाहीत त्यानं ती चुकून घेतली तर रक्तस्रावापर्यंत मजल जाऊ शकते. एकदा गर्दीच्या वेळी एका दुकानातून आम्हाला साध्या गोळीऐवजी 'गोल्ड'ची पट्टी मिळाली होती. घरी येऊन पट्टीच्या मागचं बारीक छापील वाचलं म्हणून कळलं. काउंटर सोडण्यापूर्वी मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून घ्या, दर वेळी.

दुष्परिणामांची भीती लोकांना गोळी सोडायला लावते, आणि सोडलेल्या गोळीचं बिल पुढे फार मोठं येतं. स्टॅटिननं काहींचे स्नायू दुखतात हे खरं आहे. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०२० साली झालेल्या एका अभ्यासात, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग रिकाम्या गोळीवरही जाणवला. दुखणं खोटं नव्हतं, पण ते बहुतांशी औषधामुळे नव्हतं. म्हणून दुखलं तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांकडे जा. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. लघवी गडद तांबूस झाली आणि अंग प्रचंड दुखलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. गरोदर असताना किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. साखर सीमेवर असलेल्यांत मधुमेह थोडा लवकर दिसू शकतो, पण हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा आहे. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही घेतल्या तरी चालतात, वेळ एक ठेवा म्हणजे विसर पडत नाही.

गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी, आकडा बसला की सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. दर महिन्याला रक्त देऊ नका. स्थिरावलेल्या रुग्णाला दर वेळी हृदयरोगतज्ज्ञांची हजार-दीड हजारांची फीही लागत नाही, फॅमिली डॉक्टर पुरतात. एकट्या स्टॅटिनवर भागत असेल तर वर्षाचा हिशेब असा बसतो: जनऔषधीच्या गोळ्या साताठशे, दोन तपासण्या हजार, डॉक्टरांच्या दोन भेटी आठशे ते हजार. अडीच-पावणेतीन हजारांत वर्ष निघतं. माझ्या पहिल्या महिन्याच्या पानावर याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम आहे.

त्या पानावरच्या कॅप्सूलांचं काय झालं? क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १९० जणांवर सरळ तुलना केली. कुणाला रोसुव्हास्टॅटिन पाच, कुणाला माशाचं तेल, लसूण, दालचिनी, हळद, प्लांट स्टेरॉल, रेड यीस्ट राइस, कुणाला रिकामी गोळी. अठ्ठावीस दिवसांत रोसुव्हास्टॅटिननं एलडीएल जवळजवळ अडतीस टक्के उतरवलं. बाकी एकाही पूरकानं रिकाम्या गोळीच्या तुलनेत एलडीएल ठळकपणे उतरवलं नाही. लसूण आमटीत घाला, हळद भाजीत घाला, ती आपली रोजची चव आहे. कॅप्सूलला पैसे देऊ नका. काढ्याच्या बाटलीवर तर घटकांचं प्रमाणही नव्हतं. ती मी मोरीत ओतली.

विमा आणि कर यांत फारसं काही हाती लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल झाल्यावरच्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, रोजच्या गोळ्यांना नाही. जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट आरोग्य विम्याच्या एकूण मर्यादेत मिळते आणि ती रोखीनं भरलेल्या पावतीवरही चालते. पावत्या जपून ठेवा.

लाखांतली औषधं कुणासाठी असतात, हे आमच्या घरात दिरांमुळे कळलं. सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. दिरांना त्रेचाळिसाव्या वर्षी झटका आला तेव्हा त्यांचं एलडीएल २१४ होतं आणि ते सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी आहेत. एलडीएल १९० च्या वर आणि घराण्यात लवकर आलेला हृदयविकार, ही जोडी दिसली की तो दोष रक्तातून आलेला असू शकतो आणि मग पथ्यानं भागत नाही. पूर्ण डोसाच्या स्टॅटिन-एझेटिमाइबनंतरही आकडा ५५ च्या वर राहिला तर डॉक्टर इंजेक्शनांचा विचार करतात. इव्होलोक्युमॅब दर पंधरा दिवसांनी, महिन्याचा खर्च पाच आकड्यांत. इन्क्लिसिरान पहिल्या दोन डोसांनंतर वर्षातून दोनदा, एक डोस लाखाच्या घरात. या दोन्हींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेव्हा बिलावर कर लावला आहे का ते बघा. कंपन्यांच्या रुग्णसहाय्य योजनाही असतात, रुग्णालयात विचारून घ्या. दिरांचं अजून गोळ्यांवर भागतं आहे. त्यांना लिपोप्रोटीन-ए हीही तपासणी सांगितली होती. ती आयुष्यात एकदाच करायची असते आणि हजाराच्या आसपास पडते.

असा दोष आई किंवा वडिलांत असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी, आणि अशा घरांत त्याही आधी. माझी पुतणी एकोणीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जाऊबाई म्हणाल्या, 'एवढ्यात कशाला तिला घाबरवायचं?' मी दोघींना बसवून हेच आकडे दाखवले. सोमवारी तिचं कॉलेज दुपारचं आहे, सकाळी आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाणार आहोत. फक्त लिपिड प्रोफाइल, चारशे रुपये. नाश्ता करून निघ, असं तिला सांगितलं आहे.